खाडा



पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलांची खांदेमळणी करतो. कोणी तूप-हळद लावतो, कोणी लोणी, कोणी नुसते तेल. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढले, त्या खांद्यावरून त्या दिवशी मायेचा हात फिरतो. पण बैलाची काळजी आपण पोळ्यापुरतीच घेतो असे नाही. ऐन पेरणीत बैलाला खांदेसूज आली तर आपण औत सोडतो. शेजाऱ्याची जोडी मागून आणतो, नाहीतर भाड्याने ट्रॅक्टर सांगतो. सुजलेल्या खांद्यावर जू ठेवीत नाही. कोणी ठेवलेच तर गाव त्याला नावे ठेवते.

आता त्याच घरातला माणूस तापाने फणफणला आहे असे समजा. तो डोक्याला फडके बांधतो, एक गोळी गिळतो आणि रानाकडे निघतो. त्याला मात्र गाव नावे ठेवीत नाही. उलट, ‘गडी मोठा कामाचा, तापातसुद्धा बसला नाही’ असे कौतुक होते. त्याच्या घरातली बाई कंबर धरून चुलीपुढे बसलेली असते. तिचे तर कौतुकही होत नाही.

बैलाला जो न्याय, तो माणसाला का नाही, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या बोलीत कामावर न येण्याला खाडा म्हणतात. सालगड्याचा खाडा, दूधवाल्याचा खाडा, खुरपायला येणाऱ्या बाईचा खाडा. या शब्दात एक गोम आहे. माणूस जत्रेला गेला म्हणून आला नाही तरी खाडा, आणि अंथरुणाला खिळला म्हणून आला नाही तरी खाडाच. कारण कोणतेही असो, हिशेबाच्या वहीत फुली एकच. त्यामुळे आजारी पडलेल्या माणसाला आपण काहीतरी चुकीचे करतो आहोत असे वाटू लागते.

दुसऱ्याला सांगण्याआधी माझे स्वतःचे सांगतो.

मी सरकारी नोकर. आम्हाला रजा आहेत. राज्याच्या नोकरांसाठी १९८१ सालचे रजेचे नियम आहेत. वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे वीस दिवसांची अर्धपगारी रजा खात्यावर जमा होते. डॉक्टरांचा दाखला जोडला तर दुप्पट दिवस खर्ची टाकून तीच रजा पूर्ण पगाराने घेता येते. म्हणजे कागदावर काही कमी नाही. कमी असते ती मागण्याची हिंमत. नोकरीच्या पहिल्या वर्षीच आमच्या एका वरिष्ठांनी सांगितले होते, “हे बघा, शेती खात्याच्या माणसानं खरिपात आजारी पडायचं नसतं.” सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य मनात घर करून बसले. पुढे कितीतरी निरोप समारंभांत ऐकले, ‘साहेबांनी तीस वर्षांत आजारपणाची रजा म्हणून घेतली नाही.’ त्यावर टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत.

नोकरीला दोन-तीन वर्षे झाली होती. मृगाचा पाऊस वेळेवर झाला होता आणि गावोगाव पेरणीची झुंबड होती. मला तीन दिवस ताप होता. बायको म्हणाली, “आज जाऊ नका.” मी म्हणालो, “आज नाही गेलो तर कधी जाणार? लोक वाट बघताहेत.” मोटारसायकलवर चार गावे केली. तिसऱ्या गावात एक शेतकरी बांधावर थांबलेला होता. त्याने नुकतीच पेरणी उरकली होती. “साहेब, तणाचं काय करू? मागच्या साली खुरपणीनं पार बेजार केलं,” असे त्याने विचारले. काय पेरले आहे, तेही त्याने सांगितले. माझे डोके ठणकत होते. मी ‘मका’ एवढेच ऐकले. म्हणालो, “पेरणीपासून दोन दिवसांच्या आत ॲट्राझीन मारा.” चहा घेतला आणि पुढच्या गावाला गेलो.

त्याने ‘मक्यात सोयाबीनच्या ओळी’ असे सांगितले होते.

शेतकऱ्यांना हे सांगायला नको. ॲट्राझीन मक्याला चालते, ज्वारीला चालते; सोयाबीनला ते विष आहे. तीन आठवड्यांनी मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा मका गुडघ्याएवढा डोलत होता आणि मधल्या ओळींत सोयाबीनची रोपे कडेने पिवळी पडून करपली होती. औषधाचा अंमल जमिनीत राहतो, म्हणून त्या जागी उडीद-मूगही लावता येईना. त्या ओळी दिवाळीपर्यंत तशाच रिकाम्या राहिल्या. त्या वाटेने जाताना दर वेळी त्या मला दिसत.

मी बियाण्याचे पैसे द्यायला गेलो. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, “साहेब, तुमचे डोळे त्या दिवशी लाल झाले होते. मला दिसलं होतं. तुम्हाला चहा पाजण्यापेक्षा घरी जा म्हणायला पाहिजे होतं. पण साहेबाला कसं म्हणायचं?”

त्या महिन्याच्या हजेरीपत्रकात माझी हजेरी पूर्ण आहे. एकही खाडा नाही. त्या खाड्याची भरपाई एका अल्पभूधारकाने आपल्या रानातून केली. त्या वर्षी मला एक गोष्ट कळली. आजारी माणसाने कामावर जाऊन वाचवलेला दिवस फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोणीतरी भरतच असते. कधी तो स्वतः भरतो, कधी दुसरा. आणि बहुधा ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला ती येते.

याची सर्वांत कडू गोष्ट आपल्या उसाच्या फडात पाहायला मिळते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरसाल दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती तोडीतून फेडायची असते. जोडीतला एक जण एक दिवस जरी बसला, तरी खाडा लागतो. नुसती मजुरी बुडते असे नाही, वर दंड बसतो. २०१९ च्या सुमारास हा दंड दिवसाला पाचशे रुपये असल्याचे छापून आले होते. पाळीच्या दिवसांत पोटात कळा येत असल्या तरी बाईने मोळी उचलायची, कारण बसली तर पाचशेचा खड्डा. अशा बायकांतल्या पुष्कळ जणींनी तिशी-पस्तिशीतच गर्भाशयाची पिशवी काढून टाकली. २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. प्रत्येकीचे कारण खाडाच होता असे म्हणता येणार नाही. चुकीचा सल्ला होता, भीती होती, दवाखान्याची घाईही होती. पण महिन्यातून दोन दिवस बसायची सोय असती, तर त्यांतल्या कित्येकींना हा मार्ग धरावा लागला नसता.

कारखान्यातल्या कामगाराला १९४८ सालच्या कायद्याने राज्य कामगार विमा मिळाला. त्यात डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळण्याची तरतूद झाली. उसाच्या फडातल्या माणसाला मात्र आजारपणात काही मिळत नाही, उलट दंड भरावा लागतो. रानात खुरपणाऱ्या बाईलाही अशी रक्कम नाही, आणि दोन एकरांच्या मालकालाही नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मोठ्या दुखण्याचा दवाखान्याचा खर्च निघतो, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या काळात बुडालेला रोज कोणी भरून देत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या घरात आजारपणाची रजा सरकारी नियमाने येत नाही. ती घरानेच ठरवावी लागते.

काही कामे तर अशी आहेत की त्यांत दुखणे अंगावर काढणे म्हणजे जिवाशी खेळ. फवारणीचे उदाहरण घ्या. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, उकाडा होता, औषधांची मिसळ करून फवारणी चालली होती. ही कारणे आपण ऐकली आहेत. त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे आपल्या रक्तातले एक महत्त्वाचे द्रव्य निकामी करतात. ते द्रव्य भरून यायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. आज फवारताना डोके दुखले, मळमळले, घाम सुटला, अंधुक दिसले आणि रात्री झोपून सकाळी बरे वाटले, म्हणून उद्या पुन्हा पंप पाठीवर घेतला, तर उद्याचे थोडेसे विषही जास्त बाधते. बरे वाटणे आणि बरे होणे यांत फरक आहे. म्हणून फवारणीत चक्कर आली की पंप तिथेच खाली ठेवायचा, कपडे काढून साबणाने अंग धुवायचे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. पुन्हा फवारणी कधी करायची ते डॉक्टर सांगतील. मालकाने सांगायचे नाही आणि आपणही ठरवायचे नाही.

तीच गोष्ट कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या भात लावणीची. चिखलात पाय असताना ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो साधा ताप समजू नये. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झाले तर माणूस सहज बरा होतो. ‘लावणी उरकली की जातो’ म्हणणाऱ्याच्या मूत्रपिंडावर आणि लिव्हरवर बेततो. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर बेडका तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे फुकट आहेत. तसेच खोकत घरात आणि रानात वावरलो, तर आपण आपला रोग पोराबाळांना वाटत असतो.

आता तुम्ही म्हणाल, “साहेब, तुमचं खरं आहे. पण गाईला कोण सांगणार की आज मालकाला ताप आहे?”

हा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘विश्रांती घ्या’ असे नुसते सांगणे सोपे असते. आजारी माणूस बसत नाही, कारण त्याच्या जागी उभे राहायला कोणी नसते. म्हणून खरी गरज आहे बदली माणसाची. फिनलंड देशात जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी कायद्याने वर्षाला २६ दिवसांची सुट्टी ठेवलेली आहे. त्या दिवसांत, तसेच आजारपणातही, गोठा सांभाळायला बदली माणूस मिळण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. पण ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या आज्या-पणज्यांकडे सावड होती. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. पैसा नाही, दिवसाची फेड दिवसाने. कोणी अडला तर गावची औते इर्जिकीला जमत आणि तो घरधनी जेवू घाली. मजुरी रोखीची झाली, ट्रॅक्टर आले आणि सावड मागे पडली. ती आजारपणापुरती तरी पुन्हा धरायला काय हरकत आहे?

माझ्या कामाच्या एका गावात डेअरीला दूध घालणाऱ्या पाच घरांनी हे करून पाहिले. पहिल्यांदा ते फसले. एका घरचा माणूस आजारी पडला, शेजारी धार काढायला गेला, तर गाय पान्हाच चोरू लागली. परक्या हाताला ती दूध देईना. मग त्यांनी ठरवले की महिन्यातून दोन सकाळी, सगळे धडधाकट असतानाच, एकमेकांच्या गोठ्यात जाऊन धार काढायची. गाईला हात ओळखीचा झाला. पुढे एक घर यातून बाहेर पडले. ‘आम्हीच जास्त दिवस दिले’ असे त्यांना वाटले. म्हणून उरलेल्यांनी वही घातली. कोणी कोणाकडे किती दिवस दिले ते त्यात लिहितात आणि दर संक्रांतीला हिशेब करतात. चार घरांची ती सावड अजून चालू आहे.

त्यांच्याकडून शिकलेल्या आणि माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, सावड निरोगी असताना ठरवा. ताप चढल्यावर माणूस शोधू नये.

दुसरी, घरातल्या कामांची एक वही ठेवा. कोणत्या जनावराला किती आंबोण, कोणते लाथ मारते, मोटर कशी चालू करायची, पाण्याची पाळी कोणत्या वारी, कोणत्या रानात कोणते पीक आहे. हे सारे एकाच माणसाच्या डोक्यात असते म्हणून त्याला आजारी पडता येत नाही. (माझ्याही डायरीत त्या दिवशी ‘मका-सोयाबीन’ असे लिहिलेले असते, तर बरे झाले असते.)

तिसरी, कोणते काम थांबते आणि कोणते थांबत नाही, हे वेगळे काढा. धार, चारा, पाणी थांबत नाही. वाफशावरची पेरणी थांबत नाही. गव्हाला १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, तेव्हाचे पाणी चुकवू नये. एवढ्या कामांना सावडीचा माणूस लावा. बाकीची बरीच कामे थांबतात. सोयाबीनची खुरपणी चार दिवसांनी केली म्हणून पीक जात नाही. पहिल्या महिना-दीड महिन्यात रान तणमुक्त राहिले म्हणजे झाले. वरखताचा हप्ता चार दिवस पुढे गेला तर चालतो. फवारणीही किडीने नुकसानीची पातळी ओलांडली तरच करायची असते, वार पाहून नव्हे. आपण ज्याला ‘आजच करायला पाहिजे’ म्हणतो, त्यातले निम्मे काम पिकाला नको असते. ते आपल्या मनाला हवे असते.

चौथी गोष्ट घरातल्या बाईची. तिला सावड कोण देतो? पुरुष आजारी पडला की बाई त्याचे काम ओढते. बाई आजारी पडली की तिचे काम तिच्याच वाट्याला शिल्लक राहते. दोन दिवसांची भांडी, दोन दिवसांचे धुणे. म्हणून ती अंथरूणच धरीत नाही, आणि धरते तेव्हा दुखणे फार पुढे गेलेले असते. घरातल्या पुरुषांना आणि शाळकरी मुलांना भात लावता येत नसेल, भाकरी थापता येत नसेल, तर ती उणीव त्यांची आहे, पण तिची किंमत ती बाई भरते. एवढे दोन जिन्नस शिकायला आठ दिवस पुरतात.

पाचवी, ज्यांच्याकडे सालगडी किंवा रोजंदारीची माणसे आहेत त्यांच्यासाठी. खाड्याच्या वहीत आजारपणाचा रकाना वेगळा करा. निदान त्या दिवसाची मजुरी कापून वर बोलणी तरी बसवू नका. जमत असेल तर वर्षाचे पाच-सहा दिवस आजारपणासाठी धरून ठेवा आणि ते आधी सांगून टाका. आधी सांगितले म्हणजे खोटे बोलावे लागत नाही. ज्याला खरे कारण सांगून बसता येते, तो सबब सांगत नाही.

हे मी आता आमच्या कार्यालयातही बोलतो. खालच्या एखाद्या सहायकाचा सकाळी फोन येतो, “साहेब, ताप आहे, पण येतो.” मी म्हणतो, “येऊ नको. आज कुठल्या गावाला जायचं होतं तेवढं सांग, मी बघतो.” त्याला आधी खरे वाटत नाही. मग गावाचे नाव सांगतो, कोणाकडे जायचे होते, कोणते पीक, ते सांगतो. मी लिहून घेतो. मूळ पीक कोणते आणि आंतरपीक कोणते, हे दोनदा विचारतो.

पोळा जवळ आला आहे. खांदेमळणी कराल तेव्हा बैलाच्या खांद्यावरून हात फिरवाल, सूज आहे का ते बघाल. मग हात धुऊन घरात या आणि घरातल्या माणसांनाही तेच विचारा. कोणाची कंबर धरते, कोणाला किती दिवसांचा खोकला आहे, कोण काही न सांगता वावरते आहे. बैल मुका आहे म्हणून आपण त्याच्या खांद्याकडे बघतो. आपल्या घरातली माणसे बोलती असूनही या बाबतीत मुकीच असतात.

तुमच्या गावात अशी सावड अजून चालत असेल, तर ती कशी चालते, भांडणे होतात का आणि ती कशी मिटवता, हे पत्राने जरूर कळवा. दुसऱ्या गावांना उपयोग होईल.